लहरी लोकांच्या, परवाना कोणाचा?



संयोजकांनी प्रथम आम्हांस आरोग्यविषयक भाषण करण्याची सूचना केली होती. गेली बरीच वर्षे याच व्यासपीठावरून आम्ही रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांविषयी बोलत आलो आहोत आणि आपणही ते सोशिकपणे ऐकत आला आहात. या वर्षी आम्ही स्वतःहून विषय बदलून मागितला. त्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. दर रविवारी सकाळी अर्धा तास चालणारा आपल्या संस्थेचा रेडिओ कार्यक्रम बंद पडला. ज्या केंद्राकडून आपण ही वेळ विकत घेत होतो, ते केंद्रच विकले गेले. नव्या मालकांचे चार ओळींचे पत्र आले आणि महिनाभरात आपला आवाज थांबला. ज्या वृद्ध मातापित्यांना इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही आणि ज्यांचा रविवार त्या अर्ध्या तासाची वाट पाहण्यात जात असे, त्यांनी आम्हांस दवाखान्यात विचारले, "डॉक्टरसाहेब, आपला रेडिओ का हो बंद झाला?" आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही.

आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. जमलेल्या निधीतून दुसऱ्या एखाद्या केंद्रावर पुन्हा वेळ विकत घ्यावी, असा तो ठराव आहे. तो मांडणाऱ्यांच्या तळमळीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु निदान केल्यावाचून औषध लिहून देऊ नये, असे आमचे शास्त्र सांगते. म्हणून मतदानापूर्वी आपण थोडे निदान करू या. या देशात आकाशातील लहरींची मालकी कोणाची, त्या वापरण्याचा परवाना कोणास व कोणत्या अटींवर मिळतो, आणि ज्याच्याजवळ परवाना नाही त्याला काही अधिकार आहेत की नाहीत, या तीन प्रश्नांचा विचार करू. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. एका जबाबदार श्रोत्याने जेवढे वाचावे तेवढे वाचून आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

आमचे बालपण नागपुरात, रेल्वेच्या वसाहतीत गेले. घरात एक रेडिओ होता आणि त्या रेडिओचे बँकेच्या पासबुकासारखे एक पुस्तक होते. दरवर्षी वडील ते पुस्तक घेऊन पोस्टात जात, शुल्क भरीत आणि त्यावर शिक्का मारून आणीत. त्या काळी रेडिओ नुसता ऐकण्यासाठीही सरकारी परवाना लागत असे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. ऐकण्याचा परवाना पोस्टात मिळत असे. बोलण्याचा परवाना मात्र कोणालाच मिळत नसे. १८८५ च्या तार कायद्यान्वये तो अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवला होता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरून बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. मात्र तो दरवाजा बाबासाहेबांच्या तोलाच्या पुरुषासाठीही काही मिनिटेच उघडला. तो उघडायचा की नाही, हे ठरविणारे दुसरेच होते.

परक्याच्या दारावर आपला आवाज अवलंबून ठेवू नये, हा धडा बाबासाहेबांनी फार पूर्वीच घेतला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे मोजण्याची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, म्हणून तो अंक निघू शकला. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' अशी ही परंपरा चालली. त्यांनी केवळ लेखणी हाती धरली नाही. स्वतःचा छापखानाही उभारला. शंभर वर्षांनंतर आपणांसही थोडासा तसाच अनुभव आला. या परिसरातील एका भारतीय रेडिओ कार्यक्रमाने धम्मचक्र प्रवर्तन दिनाची आपली सशुल्क घोषणा 'वादग्रस्त विषय नको' असे सांगून परत केली, हे आपणांस स्मरत असेल. वर्तमानपत्र आणि रेडिओ यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. कागद आणि शाई ज्याला परवडेल त्याला वर्तमानपत्र काढता येते. लहरींची संख्या मर्यादित असते. एकाच लहरीवर दोघे बोलू लागले, तर दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणूनच येथे वाटणी करणारा कोणीतरी लागतो, आणि वाटणी आली की न्यायाचा प्रश्न येतो.

अमेरिकेत ही वाटणी कशी सुरू झाली ते पाहू. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिला रेडिओ कायदा झाला. त्यान्वये व्यापारमंत्री परवाना देत असे, परंतु नाकारण्याचा अधिकार त्याला नव्हता. १९२६ मध्ये न्यायालयाने ही उणीव उघड केली आणि आकाशात एकच गोंधळ माजला. तेव्हा १९२७ चा कायदा आला व पाठोपाठ १९३४ चा कम्युनिकेशन्स कायदा आला. याच कायद्याने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन स्थापन झाले. १९३४ चा हा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्याचा गाभा असा, की लहरी कोणाच्याही खाजगी मालकीच्या होऊ शकत नाहीत. परवानाधारकाला ठरावीक मुदतीपुरता त्या वापरण्याचा हक्क मिळतो, आणि तोही लोकहित, लोकांची सोय व गरज या कसोटीवर. आज ही मुदत आठ वर्षांची आहे.

ही कसोटी सर्वप्रथम ज्यांना लागली त्यांत एक डॉक्टर होता, हे सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. कॅन्सस राज्यातील मिलफर्ड या गावी जॉन ब्रिंक्ली नावाचा मनुष्य पुरुषत्व परत मिळवून देतो असे सांगून रुग्णांच्या शरीरात बोकडाच्या ग्रंथी बसवीत असे. त्याचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते. श्रोत्यांची पत्रे वाचून, रुग्ण न तपासताच तो रेडिओवरून क्रमांकाने औषधे सांगे. ती औषधे विकणारे दुकानदार त्याला दलाली देत. १९३० मध्ये त्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारण्यात आले आणि १९३१ मध्ये न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ही मुस्कटदाबी आहे, असा त्याचा बचाव होता. केंद्र हे मालकाच्या खाजगी धंद्याचे हत्यार नव्हे आणि परवाना पुन्हा देताना पूर्वीचे वर्तन पाहणे म्हणजे मुस्कटदाबी नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पुढे तो मेक्सिकोच्या सीमेवर जाऊन बोलू लागला, तो भाग निराळा.

आता आपल्या बंद पडलेल्या कार्यक्रमाकडे वळू. आपणांपैकी अनेकांनी विचारले, की आपण नियमित पैसे भरत होतो, मग आपला काहीच हक्क कसा नाही? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. केंद्रावरून जे काही प्रसारित होते त्याची अंतिम जबाबदारी परवानाधारकाची असते. ती त्याला दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. म्हणून वेळ विकल्यानंतरही कोणताही कार्यक्रम नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. वेळ विकत घेणाऱ्याचे नाते केवळ कराराचे असते. पैसे कोणी दिले हे श्रोत्यांना सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. पैसे देणाऱ्याला उद्याही बोलू देणे बंधनकारक नाही. आपण भाडेकरू होतो. घर विकले गेले, नव्या मालकाने घर रिकामे करून घेतले. यात कायदा मोडला गेला नाही. नेमके हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग ज्याच्याजवळ परवाना नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे सर्वांत प्रेरणादायी उत्तर मिसिसिपी राज्यातील जॅक्सन या शहराने दिले. ते प्रकरण दूरचित्रवाणीचे आहे. परंतु कायदा तोच असल्याने रेडिओसही तितकेच लागू आहे. डब्ल्यूएलबीटी या केंद्राच्या टापूत सुमारे ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीयांची होती. १९५५ मध्ये नागरी हक्कांचे वकील थरगुड मार्शल राष्ट्रीय वाहिनीवर दिसू लागताच या केंद्राने चित्र तोडले आणि तारेत बिघाड झाल्याची पाटी पडद्यावर लावली. तक्रारी झाल्या, पण कमिशनने फारसे लक्ष दिले नाही. १९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचे एव्हरेट पार्कर यांनी एक साधी युक्ती केली. स्थानिक स्वयंसेवकांना बसवून आठवडाभर त्या केंद्राचे सर्व कार्यक्रम पाहून त्यांची नोंद करून घेतली. त्या नोंदी घेऊन त्यांनी परवान्याच्या नूतनीकरणास हरकत घेतली.

कमिशनने म्हटले, की तुम्हांस हरकत घेण्याचा अधिकारच नाही. ज्याचे आर्थिक नुकसान झाले आहे किंवा ज्याच्या केंद्रात व्यत्यय येतो, त्यानेच यावे. श्रोते आणि प्रेक्षक हे पक्षकार नव्हेत. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात हा मुद्दा निर्णयास आला. न्यायमूर्ती वॉरेन बर्गर यांनी निकाल दिला, की ज्यांच्यासाठी ही सारी व्यवस्था आहे त्या श्रोत्यांनाच दाराबाहेर ठेवता येणार नाही. १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने परवान्याचे नूतनीकरण रद्द केले. १९७१ मध्ये केंद्राचा कारभार एका ना-नफा मंडळाकडे गेला आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ तेथे सरव्यवस्थापक झाले. बंधू-भगिनींनो, त्या स्वयंसेवकांजवळ पैसा नव्हता, केंद्र नव्हते, परवाना नव्हता. त्यांच्याजवळ वही होती, घड्याळ होते आणि कायद्याचा आधार होता. चवदार तळ्याचा खटलाही बाबासाहेबांनी पुराव्याची कागदपत्रे जमवून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९३७ मध्ये जिंकला. त्या परंपरेत वाढलेल्या आपणांस ही पद्धत परकी वाटू नये.

१९६९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने रेड लायन खटल्यात सांगितले, की लहरींच्या बाबतीत प्रसारकाच्या हक्कापेक्षा श्रोत्यांचा हक्क श्रेष्ठ आहे. वादग्रस्त प्रश्नांच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, हे १९४९ पासून चालत आलेले समतोलाचे तत्त्व त्या निकालाने मान्य केले. कमिशनने १९८७ मध्ये हे तत्त्व स्वतःहून सोडून दिले. कायद्याने दिलेले संरक्षण कायद्याच्याच वाटेने काढूनही घेता येते, याचे हे एक उदाहरण.

आता मालकीचा प्रश्न घेऊ. आवाज असणे आणि मालकी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४८ मध्ये नॅट विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकांस निवेदक नेमले आणि लवकरच सारे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी होऊ लागले. मालक मात्र गोरेच राहिले. १९४९ मध्ये अटलांटात जेसी ब्लेटन यांनी डब्ल्यूईआरडी हे केंद्र विकत घेतले. कृष्णवर्णीयाच्या मालकीचे हे देशातील पहिले केंद्र. त्याच इमारतीत पुढे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय आले. डॉ. किंग यांना काही सांगायचे असले की ते केरसुणीच्या दांड्याने छत ठोठावीत आणि वरच्या मजल्यावरून ध्वनिक्षेपक खिडकीतून खाली सोडला जाई, असे सांगितले जाते. मालक आपला असला की एवढेच पुरते.

परंतु असे मालक फार थोडे होते. १९७८ मध्ये देशातील सुमारे साडेआठ हजार रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांपैकी जेमतेम चाळीस केंद्रे अल्पसंख्याकांच्या मालकीची होती. त्या वर्षी कमिशनने एक योजना आणली. जो अल्पसंख्याकास केंद्र विकेल, त्याला नफ्यावरील कर लांबणीवर टाकता येई. या सवलतीने अल्पसंख्याकांच्या केंद्रांची संख्या काही पटींनी वाढली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो ब्रॉडकास्टिंग खटल्यात परवाने देताना अल्पसंख्याकांना झुकते माप देण्याचे कमिशनचे धोरण पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरविले. परंतु १९९५ मध्ये काँग्रेसने ती करसवलत रद्द केली आणि त्याच वर्षी अदारंद खटल्याने १९९० च्या निकालाचा पायाच काढून घेतला. आरक्षणाचा इतिहास जाणणाऱ्या आपणांस ही चाल ओळखीची वाटेल. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालकीच्या अहवालात कमिशन वंश विचारते, स्त्री-पुरुष भेद विचारते. जात विचारत नाही. 'एशियन' या एका चौकटीत ज्याने आपली घोषणा परत केली तोही बसतो आणि आपणही बसतो.

१९९६ साल हे या इतिहासातील मोठे वळण. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी केली. तोपर्यंत एका मालकास देशभरात किती केंद्रे घेता येतील यावर मर्यादा होती; ती रेडिओपुरती पूर्ण उठली. एका मोठ्या शहरात एका मालकास आठ केंद्रांपर्यंत मुभा मिळाली. क्लिअर चॅनेल ही कंपनी, जिच्याजवळ त्यापूर्वी पन्नासाच्या आत केंद्रे होती, ती काही वर्षांतच बाराशेंच्या पुढे गेली. पुढे नाव बदलून आयहार्टमीडिया झालेल्या याच कंपनीने कर्जाच्या ओझ्यामुळे २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शिवाय १९९६ च्या कायद्याने नूतनीकरणाचे नियमही सैल केले. पूर्वी जुन्या परवानाधारकाची तुलना नव्या अर्जदाराशी होत असे. आता जुना धारक अपात्र ठरल्याखेरीज नव्या अर्जदाराचा विचारच होत नाही.

मालकीचे असे केंद्रीकरण झाले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. वैद्यक म्हणून आम्ही एकच रात्र आपणांपुढे ठेवतो. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातील मायनॉट शहराजवळ मालगाडी रुळांवरून घसरली आणि टाक्या फुटून अमोनिया वायूचा लोट शहरावर आला. हा वायू ओलाव्याशी संयोग पावून डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळतो. अशा वेळी लोकांना एकच गोष्ट तातडीने कळावी लागते: घरातच थांबा, दारे-खिडक्या बंद ठेवा, ओले फडके नाकातोंडाशी धरा. शहरातील सहा व्यापारी रेडिओ केंद्रे एकाच कंपनीच्या मालकीची होती. पोलिसांनी फोन केले, तेव्हा उत्तर मिळाले नाही. पोलिसांनी आपत्कालीन यंत्रणा नीट वापरली नाही, असे कंपनीने म्हटले. दोष कोणाचा याविषयी वाद आहे; लोकांना वेळेवर सूचना मिळाली नाही याविषयी नाही. एक मनुष्य दगावला आणि शेकडो लोकांना इजा झाली.

२०२० च्या वसंत ऋतूत, साथ ऐन भरात असताना, आम्ही आपल्या रविवारच्या अर्ध्या तासात ऑक्सिजन कसा मोजावा आणि रुग्णालयात केव्हा जावे हे मराठीत सांगत होतो. त्या दिवसांत ज्यांनी ते ऐकले, त्यांतील काही जण आज या सभागृहात बसले आहेत. रेडिओ ही आमच्या लेखी करमणुकीची चैन नाही.

मालकीचे उरलेले बांधही हळूहळू सुटत गेले. एकाच गावात एकाच मालकाकडे वर्तमानपत्र आणि प्रसारण केंद्र असू नये, हा १९७५ चा नियम कमिशनने २०१७ मध्ये काढून टाकला. अल्पसंख्याक व स्त्रिया यांच्या मालकीवर काय परिणाम होईल याचा पुरेसा विचार केला नाही, म्हणून फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने तो बदल अडविला. १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कमिशनच्या बाजूने निकाल दिला. पुरावा अपुरा असला तरी कमिशनचा निर्णय वाजवी आहे, असे न्यायालयाने मानले. याचा अर्थ आम्ही असा घेतो, की पुरावा गोळा करण्याचे काम दुसरे कोणी आपणांसाठी करणार नाही.

मायदेशातही हाच झगडा चालला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला, की आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि माहिती देण्याघेण्याचा हक्क हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. मक्तेदारी सरकारचीही नको आणि धनिकांचीही नको, हे त्या निकालाचे सार. तरीही आंध्रातील मेदक जिल्ह्यातील दलित स्त्रियांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओची सामग्री जमवली, तेव्हा परवान्यासाठी त्यांना सुमारे दहा वर्षे थांबावे लागले. तोवर त्या ध्वनिफिती तयार करून गावोगावच्या बायकांच्या बैठकांत ऐकवीत राहिल्या. २००६ मध्ये सामाजिक संस्थांना परवाने देण्याचे धोरण झाले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचे संघम रेडिओ सुरू झाले. खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा भारतात अद्याप नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवाव्या लागतात. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत केला. पण लहरी कोणाला द्यायच्या हा प्रश्न जुनाच आहे.

अमेरिकेतही एक लहान दार उघडलेले आहे. जानेवारी २००० मध्ये कमिशनने अल्पशक्तीच्या एफएम केंद्रांची योजना काढली. शंभर वॅट शक्ती, सुमारे साडेतीन मैलांचा टापू, परवाना केवळ ना-नफा संस्थांना, जाहिरातींस बंदी. मोठ्या प्रसारकांनी व्यत्ययाची ओरड केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने योजनेचे पंख कापले. पुढे तज्ज्ञांच्या अहवालाने ती भीती निराधार ठरविली आणि जानेवारी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. फ्लोरिडातील इमोकली येथे टोमॅटोच्या शेतांत राबणाऱ्या मजुरांचे असे केंद्र २००३ पासून आहे. ते स्पॅनिशखेरीज मजुरांच्या आदिवासी मातृभाषांतही बोलते. शेतमजुरांना जे जमले, ते डॉक्टर, इंजिनिअर आणि संगणकतज्ज्ञ यांच्या संस्थेस अशक्य नसावे.

मात्र अडचणी आम्ही लपवून ठेवणार नाही. अर्ज थोड्या दिवसांपुरतेच घेतले जातात. मागील खेप डिसेंबर २०२३ मध्ये झाली, तेव्हा आपण झोपेत होतो. न्यू जर्सीसारख्या दाटीच्या प्रदेशात मोकळी लहर सापडणे कठीण. दोन-तीन संस्थांनी मिळून वेळ वाटून घेण्याची मुभा मात्र आहे. संस्था स्थानिक हवी. संचालक मंडळात एक-पंचमांशाहून अधिक परकीय नागरिक असलेले चालत नाही, म्हणजे पाचांत किमान चौघे अमेरिकन नागरिक हवेत. ज्यांनी नागरिकत्वाचा अर्ज वर्षानुवर्षे लांबणीवर टाकला आहे, त्यांनी याचाही विचार करावा.

आमचे तरुण मित्र म्हणतील, की काका, आता इंटरनेट आहे. परवाना कशाला हवा? इंटरनेटवर आपण अवश्य बोलावे. पण तेथेही घर दुसऱ्याचेच आहे. ज्या १९९६ च्या कायद्याविषयी आम्ही बोललो, त्यानेच आणलेल्या २३० व्या कलमाने या कंपन्यांना दुसऱ्यांच्या मजकुराच्या जबाबदारीतून बहुतांशी मुक्त केले आणि सद्भावनेने मजकूर काढून टाकण्याची मोकळीकही दिली. त्यांना आठ वर्षांनी कोणापुढे हिशेब द्यावा लागत नाही. रेडिओचा परवानाधारक निदान आठ वर्षांतून एकदा तरी जनतेपुढे उभा राहतो.

म्हणून सभेपुढे आमची नम्र सूचना अशी. वेळ विकत घ्यायची असेल तर घ्यावी, पण सारा निधी भाड्यात घालवू नये. निम्मा निधी राखून तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, पाच जणांची श्रोता समिती नेमावी. प्रत्येक केंद्रास आपली सार्वजनिक कागदपत्रे खुली ठेवावी लागतात, आणि स्थानिक प्रश्नांवर कोणते कार्यक्रम केले याची यादी दर तीन महिन्यांनी त्यांत घालावी लागते. ती यादी वाचावी, कार्यक्रम ऐकावेत आणि वहीत नोंद करावी. दुसरे, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधील रेडिओ परवान्यांची मुदत १ जून २०३० रोजी संपते. नूतनीकरणाचे अर्ज त्याआधी चार महिने येतील आणि रीतसर हरकत १ मेपर्यंत घेता येईल. त्या दिवशी आपल्या हाती केवळ संताप नको; तारीखवार नोंदी हव्यात. तिसरे, अल्पशक्ती केंद्रासाठी संस्थेची घटना, संचालक मंडळ आणि जागा यांची कागदपत्रे आतापासून तयार ठेवावीत, म्हणजे पुढची खेप आली की धावाधाव होणार नाही.

त्या आजोबांना आम्ही आता उत्तर देऊ शकतो. आपला रेडिओ बंद झाला, कारण तो आपला नव्हता. लहरी मात्र कायद्याने लोकांच्या आहेत आणि त्या लोकांत आपणही आहोत. श्रोता समितीसाठी पहिले नाव आम्ही आमचे देतो. उरलेली चार नावे आज दुपारपर्यंत यावीत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! जय भारत!